छावणीसाठी जागा कशी निवडत?

ब्रिटिश हिंदुस्थानात गोरे सैनिक लढाईपेक्षा ताप, हगवण आणि पटकीनेच जास्त मरत. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात हे मृत्युप्रमाण दरवर्षी हजारी ६९ नोंदले आहे. दलदलीतली दूषित हवा रोग पसरवते, अशी तेव्हाची समजूत. म्हणून छावणीसाठी उंचवट्याची, निचऱ्याची, वारा खेळता असलेली जमीन शोधत. दाट वस्ती टाळत. आजारी गोऱ्या सैनिकांसाठी पुरंदर किल्ल्यावर आरोग्यधाम होते.

१८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासात हिवतापाचे परजीवी सापडले. समजूत चुकीची ठरली, तरी कोरडी जमीन उपयोगीच होती. साचलेले पाणी नसले की डासांची पैदास घटते. खंत एवढीच, की ही काळजी शेजारच्या गावांच्या वाट्याला क्वचितच आली.