मोटारीच्या तळाचें लेपन

लोखंडास गंज चढण्यासाठीं दोन वस्तू लागतात: पाणी आणि हवेंतील प्राणवायु. पाण्यांत क्षार मिसळला म्हणजे हें कार्य अधिक जलद होतें. कारण गंजणें ही विद्युत्-रासायनिक क्रिया असून क्षारयुक्त पाण्यांतून विद्युत् सुलभतेनें वाहते. समुद्राच्या १००० भाग पाण्यांत सुमारें ३५ भाग क्षार असतो. म्हणूनच कोंकणच्या किनाऱ्यावरील गाड्या देशावरील गाड्यांहून लवकर गंजतात. युरोप व अमेरिकेंतील थंड प्रदेशांत तर रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून हिवाळ्यांत मीठच पसरतात, आणि तें चाकांबरोबर उडून गाडीच्या तळास चिकटतें.

गाडीचें वरचें अंग आपण नित्य पुसतों. तळाकडे पाहतो कोण? चाकांनीं उडविलेली खडी तेथील रंगाचे टवके काढते व उघड्या पत्र्यास गंज धरतो. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो भोंवतालचा रंगही उचलून टाकतो. अलीकडील पुष्कळ गाड्यांच्या पत्र्यास कारखान्यांतच जस्ताचा मुलामा देतात, तथापि तोही कालांतरानें झिजतो. म्हणून डांबर, रबर किंवा मेण यांचा लेप तळास फवाऱ्यानें देतात. यासच ‘अंडरकोटिंग’ म्हणतात.

या लेपाचा दुसरा गुण ध्वनीसंबंधीं आहे. वाजणाऱ्या पितळी थाळीस हात लावतांच नाद थांबतो. तद्वत् जाड व चिवट लेप पत्र्याचा कंप शोषून त्याचें किंचित् उष्णतेंत रूपांतर करितो. तळावर आपटणाऱ्या खड्यांचा आवाज त्यामुळें मंद होतो. वाऱ्याचा आवाज मात्र यानें थांबत नाहीं.

परंतु आमच्या मतें खरें महत्त्व लेपापूर्वींच्या तयारीस आहे. चिखल, ओल अथवा सुटा गंज यांवर लेप चढविल्यास ओल आंत कोंडते. वरून तळ काळाभोर व नवा दिसतो, आंत पत्रा सडत जातो. अशा गंजानें ब्रेकच्या तेलाची नळी फुटली, तर हानि केवळ पैशाची राहत नाहीं. यास्तव तळ प्रथम धुवावा, पूर्ण वाळवावा, गंज खरवडून गंजरोधक रंग द्यावा आणि मगच लेप चढवावा. पाणी निथळण्यासाठीं दारांच्या तळाशीं ठेवलेलीं छिद्रें बुजूं देऊं नयेत. ब्रेक, सायलेन्सर व फिरते दांडे यांस लेप लागूं देऊं नये. लेपास कालांतरानें भेगा पडतात. सबब दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं गाडी उचलून तपासावी.

विद्यार्थी मित्रांनीं इतकें ध्यानांत ठेवावें: गंज झांकला म्हणजे गेला असें नव्हे.