अपघाताचा पंचनामा

रस्त्यावर मोटारीचा अपघात झाला, की थोड्याच वेळात गर्दी पांगते आणि चाकांच्या खुणाही एखाद्या सरीने पुसून जातात. म्हणून पोलीस दोन त्रयस्थ पंचांसमक्ष वाहनांची जागा, फुटलेल्या काचा, रस्त्याची रुंदी इत्यादी टिपून त्यांच्या सह्या घेतात. हाच पंचनामा. पंच होण्यास लोक कचरतात, हे खेदाचे आहे! पहिल्या खबरीची प्रत मात्र खबर देणाऱ्यास व पीडितास २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे विनामूल्य मिळते.

समजा, एखाद्या मजुराचा पाय मोडला आणि धडक देणारी मोटार कोणाची, हे त्यास ठाऊक नाही. त्याने पोलीस ठाण्यात अर्ज करून ठरलेले शुल्क भरल्यास, नोंदीत असलेला मोटारीचा क्रमांक व चालकाचे नाव-पत्ता त्यास द्यावाच लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हे बंधन घातले आहे. भरपाईचा दावा मांडावयाचा तो याच कागदांच्या आधारे.