घरातली ऊब

वऱ्हाडच्या उन्हाळ्याची तक्रार सारेच करतात; थंडीची फारशी कोणी करीत नाही. परंतु पौषातल्या एखाद्या पहाटे अकोल्यात टिनाच्या छपराखाली निजून पाहा, म्हणजे ती कशी बोचते ते कळेल. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याची तर गोष्टच वेगळी. ते सुमारे १,१०० मीटर उंचीवर, आणि दर १,००० मीटर वर जाताना हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. विजेचा हीटर सर्वांनाच परवडत नाही. दोन किलोवॉटचा हीटर तासाला दोन युनिट वीज खातो. मग करावे काय?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडची थंडी ही मुख्यतः रात्रीची. दिवसा ऊन भरपूर असते. पण हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, म्हणून जमिनीची ऊब रात्री सरळ वर निघून जाते. आभाळ आले की त्या रात्री थंडी कमी वाटते, ती याचमुळे. तेव्हा आपला प्रश्न ऊब विकत घेण्याचा नाही. दिवसा फुकट मिळालेली ऊब रात्रीपर्यंत राखण्याचा आहे.

जुन्या माणसांनी तो सोडवला होता. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत दिवसभर ऊन पिते, आणि ती ऊब आतल्या बाजूला पोचायला आठ-दहा तास लागतात. म्हणजे नेमकी रात्र होते. टिन दुपारी तापते खरे, पण दिवस मावळला की तितक्याच घाईने निवते. घर टिनाचे असेल तर पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूचे तट्टे बसवा. चूल मात्र त्यापासून दूर असू द्या. मधली कोंडलेली हवा पांघरुणाचे काम करते.

दक्षिणेची खिडकी असेल तर तुम्ही भाग्यवान! डिसेंबरात भरदुपारी आपल्याकडे सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवरच असतो. ऊन थेट खोलीत शिरते. मे महिन्याच्या उत्तरार्धात तोच सूर्य डोक्यावर येतो, त्यामुळे ही खिडकी उन्हाळ्यात फारशी जाचत नाही. ती सकाळी उघडा, ऊन उतरताच लावा, आणि दारा-खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबा.

आता अंथरुण. आपण कापसाच्या मुलखातले! पण रुई स्वतः ऊब देत नाही. तिच्या तंतूंत अडकलेली हवा आपल्या अंगची ऊब धरून ठेवते. म्हणून दबलेली गादी पिंजून घ्या, वाकळ दुपारी उन्हात टाका. पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवा. वजनास वजन धरले तर पाण्यात विटेच्या चार-पाच पट उष्णता मावते.

राहिली शेगडी. आमच्या घरी बहीण बाळंतपणाला आली होती. खोलीची दारे-खिडक्या लावून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवलेली. थोड्या वेळाने ती म्हणाली, “डोकं जड झालं, मळमळते.” आम्ही म्हटले, अशक्तपणा असेल. आजी मात्र बाहेरूनच ओरडली, “दार उघडा वं आधी, जीव गुदमरते लेकराचा!” तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण ती बरोबर होती. कोंदट जागी जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका.

म्हणून शेकायचे ते अंगणात किंवा उघड्या ओसरीवर. निजण्यापूर्वी निखारे घराबाहेर काढा. राखेखाली झाकलेला निखाराही तो वायू सोडीतच असतो. बाळंतिणीला ऊब हवीच, पण ती उन्हात तापवलेल्या वाकळीची द्या. ऊब थोडी कमी पडली तर आणखी एक पांघरूण घेता येते; गेलेला श्वास मात्र परत आणता येत नाही.