घडीचा चाकू पारखून घ्यावा

कोकणात आंब्याची कोयकलमे पावसाळ्यात, रोपे सुमारे १५ ते २० दिवसांची असताना बांधतात. रोपाचा व काडीचा काप तंतोतंत जुळला तरच कलम जगते. बोथट पात्याने काप खडबडीत होतो, सांध्यात पोकळी राहते व हंगामाची मेहनत वाया जाते. म्हणून चाकू पारखूनच घ्यावा.

पाते उघडून दोन्ही बाजूंस हलवून पाहावे. खिळीशी डुगडुगणारे पाते घेऊ नये. ते काम करताना मिटल्यास बोटे कापतात. मूठ ओल्या हातातून निसटणारी नसावी. कार्बनयुक्त पोलादास बारीक धार लवकर लागते, परंतु महाड-पोलादपूरच्या पावसाळी हवेत ते लवकर गंजते. स्टेनलेस पोलाद कमी गंजते, मात्र त्यास धार लावण्यास अधिक वेळ लागतो. रोज निगा राखणे शक्य असल्यास पहिले, नसल्यास दुसरे घ्यावे.

काम संपताच चीक पुसून पाते कोरडे करावे व खिळीत तेलाचा थेंब सोडावा. फांद्या तोडण्यास कोयताच वापरावा. तो भार चाकूवर घातल्यास खीळ सैल होते आणि चांगला चाकूही निकामी होतो.