आधी कलायचं, मग वळायचं

विमान डावीकडे वळवायचं असेल तर वैमानिक काय करतो? हा प्रश्न मी ओळखीच्या अनेकांना विचारते. बहुतेकजण शेपटीच्या उभ्या पंखाचं नाव घेतात: त्याच्यावर रडर असतो, तो फिरवला की विमान फिरतं. रडरने विमानाचं नाक फिरतं हे खरंच, पण नाक फिरणं म्हणजे वळणं नव्हे. पंख समतल ठेवून नुसता रडर दाबला, तर नाक एकीकडे आणि वाट दुसरीकडे अशा अवस्थेत विमान आडवं घसरत राहतं.

वळण घडतं ते पंखांवर. पंखाच्या मागच्या कडेला, टोकाच्या जवळ, बिजागरीवर बसवलेला एक अरुंद हलता भाग असतो, तो एलेरॉन. डावीकडे वळताना डावा एलेरॉन वर उचलला जातो, उजवा खाली जातो. डाव्या पंखाची उचल घटते, उजव्याची वाढते आणि विमान डावीकडे कलतं. आता पंखांची उचल सरळ वर न राहता तिरकी झाली. तिचा एक हिस्सा विमानाला डावीकडे ओढू लागतो, आणि वळवणारं बळ ते हेच. ओढीसाठी खर्च झालेला हिस्सा वजन पेलायला उरत नाही. म्हणून आडव्या शेपटीवरचा एलिव्हेटर थोडा वर घेऊन नाक किंचित उचलतात आणि उचल वाढवतात. प्रवासी विमान तीस अंश कललं, तर उंची टिकवायला सुमारे पंधरा टक्के जादा उचल लागते. पोटात जरा जड वाटतं, त्याचं कारण हे.

मग रडर कशासाठी? खाली गेलेला एलेरॉन उचल वाढवतो, पण सोबत हवेचा अवरोधही वाढवतो. तो पंख मागे खेचला जातो आणि नाक वळणाच्या उलट बाजूला जाऊ पाहतं. ते ताळ्यावर आणायचं काम रडरचं. आडव्या वाऱ्यात उतरताना किंवा एक इंजिन बंद पडलं तर त्याची खरी कसोटी लागते.

हे सगळं ज्यांनी पहिल्यांदा नीट ओळखलं, ते राइट बंधू सायकलींचा धंदा करत होते, आणि मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही. सायकल वळवताना आपण आधी तिला कलतं करतो. नुसतं हँडल फिरवणारा पडतो. त्यांच्या काळातले बरेच प्रयोगकर्ते विमान आपोआप स्थिर कसं राहील याच्या मागे होते. विल्बर आणि ऑर्व्हिल मात्र पंखांची टोकं पिळून विमान मुद्दाम कलवायला शिकले. 1902 च्या ग्लायडरवर त्यांनी आधी शेपटीला स्थिर उभे पंख लावले. तरीही कलताना नाक भलतीकडे जाईच. मग त्यांनी ती शेपटी हलती केली आणि पंखांच्या पिळाशी जोडली. माझ्या मते विमानाचा खरा शोध त्या हंगामात लागला. 17 डिसेंबर 1903 ला त्याला इंजिन मिळालं.

माझ्या नोकरीची वर्षं मुंबईत विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये गेली, त्यामुळे मला हे भाग हवेपेक्षा जमिनीवर जास्त परिचयाचे. जुन्या धाटणीच्या विमानात वैमानिकाच्या हातापासून पंखापर्यंत पोलादी केबल जातात, पुलींवरून वळसे घेत. विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं, आणि उष्णतेने ते पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून मे महिन्यात केबल ताणल्या जातात आणि कडाक्याच्या थंडीत सैल पडतात. ताण मोजताना आधी तापमान पाहायचं, तक्त्यातला आकडा काढायचा, केबल ताणणारा पेच, म्हणजे टर्नबकल, फिरवून तो साधायचा आणि मग तो पेच सुटू नये म्हणून लॉकवायर घालायची. मोठ्या विमानात पुढचा जोर हायड्रॉलिक्सचा असतो. ए-320 सारख्या विमानात वैमानिकाचा हुकूम संगणकांमार्फत विजेच्या तारांनी जातो.

बऱ्याच विमानांत या हलत्या भागांच्या बिजागरीपुढे वजनं बसवलेली असतात, ती प्रवाशाला कधीच दिसत नाहीत. तोल बिघडला तर वेगात तो भाग फडफडू लागतो आणि काही क्षणांत तुटूही शकतो. रंगाच्या एका जादा थरानेही हा तोल बदलतो. म्हणून असा भाग पुन्हा रंगवला की तोल तपासल्याशिवाय चालत नाही.

11 नोव्हेंबर 2018 ला एअर अस्तानाचं एम्ब्रेअर 190 विमान मोठ्या देखभालीनंतर लिस्बनजवळच्या अल्वेर्कामधून उडालं. आत सहा माणसं. देखभालीत एलेरॉनच्या केबल उलट जोडल्या गेल्या होत्या आणि उड्डाणाआधी ते कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. डावीकडे कलवायला जावं तर एलेरॉन उजवीकडे नेत. कलायला मदत करणाऱ्या पंखांवरच्या उचलत्या पट्ट्या, म्हणजे स्पॉइलर, मात्र बरोबर दिशेने चालत होत्या, त्यामुळे काय बिघडलंय याचा अंदाज लागणं आणखी अवघड. वैमानिकांनी समुद्रात उतरण्याचाही विचार केला. शेवटी तासाभराहून अधिक झुंज देऊन, तिसऱ्या प्रयत्नात, त्यांनी ते बेजाच्या हवाई तळावर उतरवलं. सहाही जण वाचले. त्या वैमानिकांविषयी मला अपार आदर आहे. पण त्यांच्यावर ही वेळ यायलाच नको होती, आणि ती टाळणं आम्हा जमिनीवरच्या लोकांच्या हातात होतं.

म्हणूनच कंट्रोलच्या जोडणीला हात लागला की ती दोन स्वतंत्र माणसांनी तपासायची असते. कॉकपिटमधला व्हील डावीकडे फिरवतो, पंखापाशी उभा असलेला डोळ्यांनी पाहून सांगतो: डावा वर, उजवा खाली. ‘हलतोय’ एवढं उत्तर पुरत नाही, कारण उलटा जोडलेला एलेरॉनही छान हलतो. दिशा बोलून सांगावी लागते. मग दुसरा माणूस येतो आणि पहिल्याच्या शब्दावर न विसंबता सगळं पुन्हा सुरुवातीपासून करतो. लॉगबुकात दोन सह्या होईपर्यंत ते विमान आमच्याकडून जात नसे.