टायर आतून का खातं?

मुंबई-आग्रा रस्ता धुळ्याहून उत्तरेला निघतो, सावळद्याला तापी ओलांडतो, शिरपूर मागे टाकतो आणि पळासनेरपुढे बिजासन घाटातून सेंधव्याकडे जातो. या पट्ट्यात महामार्गाचा क्रमांक आता ५२. हमरस्त्यावर गाडी सुसाट जाते. पण बोराडीसारख्या गावांकडे वळलं की काळ्या मातीची जमीन लागते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्यासोबत वरखाली होतं. दोन्ही रस्त्यांवर एकच गाडी चालवणाऱ्या माणसाची तक्रार ठरलेली: नवं टायर आतून खातंय.

याचं उत्तर चाकाच्या बसणीत, म्हणजे अलाइनमेंटमध्ये. तिचे तीन कोन. वरून पाहिल्यावर चाकाची पुढची कड आत वा बाहेर वळलेली दिसते, तो टो. समोरून चाक कललेलं दिसतं, तो कॅम्बर. ज्या आसाभोवती चाक वळतं तो बाजूने पाहता मागे झुकलेला असतो, तो कॅस्टर. सायकलच्या चिमट्याची तिरपी बैठक तीच, आणि वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ येतं ते तिच्यामुळे. कॅम्बर आत झुकला की टायरची आतली कड झिजते. टोची किंमत तर मोजून सांगता येते. चाक एक अंशाने चुकलं असेल तर ते दर किलोमीटरला सुमारे साडेसतरा मीटर आडवं घासतं. धुळे ते शिरपूर पन्नास किलोमीटर धरले, तर हे घासणं पाऊण किलोमीटरच्या वर जातं.

खानदेशात वर्षानुवर्षं काळी-पिवळी जीप प्रवासी वाहत होती. तिचा पुढचा एक्सल अखंड, पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला. कॅम्बर त्याच्या घडणीतच ठरलेला. हाताशी उरायचा तो टो बदलणारा टाय रॉड. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढे मॅकफर्सन स्ट्रटचं सस्पेन्शन घेऊन, पण तिथेही रोजच्या कामात फिरवायचा तो टोच. अलाइनमेंट म्हणजे टो, ही समजूत माझ्या मते इथेच रुजली. अलाइनमेंट यंत्राच्या पडद्यावर कॅम्बर-कॅस्टर लाल राहतात, टो हिरवा झाला की बिल होतं.

फॉर्च्युनरसारख्या गाडीत पुढे दुहेरी विशबोन असतं, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक आर्म. खालच्या आर्मच्या बोल्टांवर विकेंद्री चकत्या असतात. त्या फिरवल्या की आर्म किंचित सरकतो आणि कॅम्बर, कॅस्टर दोन्ही बदलतात. मूळ उंचीवर ही सोय पुरते. शेताच्या, नाल्याच्या वाटेसाठी गाडी दोनेक इंच उचलली की मात्र कॅस्टर घटतो, आणि चकत्या टोकापर्यंत फिरवूनही आकडा जुळत नाही. महामार्गावर गाडी भरकटू लागते. बाजारातले बदली अप्पर आर्म इथे खरे कामाला येतात. त्यांचा चाकाकडचा बॉल जॉइंट मागे घेतलेला असतो, त्यामुळे गेलेला कॅस्टर परत मिळतो.

असा आर्म बसवताना चांगला कारागीर कळतो तो कामाच्या क्रमावरून. गाडी जॅकवर लटकत असताना रबरी बुशचे बोल्ट पूर्ण आवळले, तर बुश पिळलेला अडकतो आणि लवकर फाटतो. म्हणून शेवटचं आवळणं गाडी चारही चाकांवर उभी असताना. आधी कॅस्टर-कॅम्बर, टो शेवटी, कारण पहिले दोन हलले की टो बदलतोच. चाक पूर्ण खाली सोडून आर्म स्प्रिंगला लागतो का, ब्रेकची नळी ताणते का, हेही पाहायलाच हवं.

नवा आर्म मात्र सगळ्यावर उतारा नव्हे. खालच्या आर्मचा बुश फाटला असेल तर ब्रेक दाबताच आर्म सरकतो, टो बदलतो, गाडी एका बाजूला ओढते. बिजासनच्या उतारावर, ब्रेक वारंवार लागतो तिथे, हा दोष जिवावर बेतू शकतो. खड्ड्यात वाकलेला आर्म बदलावा. दुसरे कोन फिरवून त्याचं वाकणं झाकणं मला गैर वाटतं. गाडी उचलण्यापूर्वी कायदाही पाहावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी न जुळणाऱ्या बदलांना आडवे येतात. धुळ्याच्या परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्या.

आणि अलाइनमेंटचे पैसे देण्यापूर्वी कामाआधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. त्यात तिन्ही कोन हवेत, पुढच्या दोन्ही चाकांचे.