रोमकरांस पत्र, लेखांक 9 : कण्हणाऱ्यांची आशा

मागील लेखांकात आपण आठव्या अध्यायाच्या सतराव्या वचनापर्यंत आलो. विश्वास ठेवणारे देवाची मुले आहेत, म्हणून वारसही आहेत, हे पौलाने तिथे सांगितले. पण लगेच तो पुढचे सांगतो : ख्रिस्ताच्या गौरवात वाटेकरी व्हायचे तर त्याच्या दुःखातही वाटेकरी व्हावे लागते. या आठवड्यात 18 ते 25 ही वचने पाहू.

आताची दुःखे आणि पुढे प्रकट होणारे गौरव यांची तुलनाच होऊ शकत नाही, असे पौल अठराव्या वचनात म्हणतो. हे वचन दुःखी माणसाला घाईने ऐकवले तर जखमेवर मीठ चोळल्यासारखे होते. म्हणून ते कोणी लिहिले हे आधी पाहावे. इ.स. 57 च्या सुमारास करिंथहून हे पत्र रोमला गेले. त्याआधी करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाने स्वतःच्या हालांची यादी दिली आहे : पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीनदा गलबत फुटले. दुःख किरकोळ असते, असे हा माणूस म्हणूच शकत नाही. ते अंगावर झेलूनच तो म्हणतो की, गौरव त्याहून कितीतरी मोठे आहे.

पुढे तो कण्हण्याविषयी बोलतो. सारी सृष्टी कण्हत आहे, आणि ज्यांना पवित्र आत्म्याचे प्रथमफळ मिळाले तेही कण्हत आहेत. म्हणजे कण्हणे हा अविश्वास नव्हे. उलट, ज्याला येणाऱ्या गौरवाची चाहूल लागली, त्याला आजच्या जगातले मरण आणि अन्याय अधिकच सलतात. सृष्टीच्या या वेदनांना पौल प्रसूतिवेदना म्हणतो. त्या खऱ्या असतात, पण त्यांच्या शेवटी जन्म असतो.

ही आशा जगातून सुटका करून घेण्याची नाही. तेविसाव्या वचनात पौल शरीराच्या मुक्तीची वाट पाहतो, आणि सृष्टीही नाशाच्या दास्यातून सुटेल असे एकविसावे वचन सांगते. आजारी देह, उजाड भूमी, यांतले काहीच देवाने टाकून दिलेले नाही.

या भरवशाचा आधार वधस्तंभ आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या मरणाच्या घटकेलाच गौरवाची घटका म्हणतो. पुनरुत्थानानंतर तो थोमाला आपले घाय दाखवतो. गौरवाने ते घाय पुसून टाकले नाहीत. आपण सोसलेलेही देवाच्या लेखी वाया जात नाही, ही आशा तिथून येते.

बायबलचे मराठी भाषांतर मूळ भाषांतून करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी ही वचने आयुष्यभराच्या वियोगांसह वाचली असणार. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ 1880 मध्ये, पती 1882 मध्ये आणि एकुलती एक लेक मनोरमा 1921 मध्ये. तरीही केडगावला त्यांनी ते काम तडीस नेले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. पंचविसावे वचन ज्या धीराविषयी बोलते तो हाच. त्यात हातावर हात धरून बसणे नाही, अजून न दिसलेल्या गोष्टीच्या भरवशावर आजचे काम करत राहणे आहे.

मंडळीत एखाद्या घरावर आघात झाला की 'देवाची इच्छा' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. पौलाची शिकवण वेगळी आहे. याच पत्राच्या बाराव्या अध्यायात तो रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगतो. गौरवाची खात्री असेल, तर कोणाचे रडणे थांबवण्याची आपल्याला घाई राहत नाही. आपण त्याच्याजवळ बसू शकतो, त्याचे सगळे ऐकू शकतो, आणि त्याला प्रार्थना सुचत नसेल तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना करू शकतो.

आणि आपल्यालाही शब्द सुचले नाहीत तर? तेव्हा पवित्र आत्मा काय करतो, हे 26 व 27 या वचनांच्या आधारे पुढील लेखांकात पाहू.